स्टीम जनरेटरच्या तळाचा गाळ: किती निघाला ते सगळे सांगतात, किती उरला ते कोण सांगणार?

अणुरेणू
दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत स्टीम जनरेटर हा माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग. भट्टीतलं तापलेलं पाणी हजारो बारीक नळ्यांच्या आतून फिरतं, बाहेरचं पाणी उकळतं आणि ती वाफ टर्बाइनला जाते. एका जनरेटरमध्ये ३,००० ते १६,००० नळ्या. व्यास साधारण पाऊण इंच, भिंत मिलिमीटरभर जाडीची. एका बाजूला किरणोत्सारी पाणी, दुसऱ्या बाजूला टर्बाइनकडे जाणारी वाफ, आणि मध्ये फक्त ती भिंत.

या नळ्या खाली ज्या जाड पोलादी चकतीत बसवलेल्या असतात त्या ट्यूबशीटवर गाळ साचतो. शटडाउनमध्ये जोरदार फवारे मारून तो काढतात, त्याला स्लज लान्सिंग म्हणतात. इथवर मला कळतं. पुढचे प्रश्न असे:

इतक्या दाटीत, बंद पात्रात, गाळ कुठे आणि किती उंच आहे हे कळतं कसं? आणि सफाईनंतर किती उरला हे कुणी मोजतं का? वाचायला जे मिळतं त्यात ‘अमुक किलो गाळ काढला’ असं ठळक अक्षरात असतं. उरलेल्याबद्दल अवाक्षर नाही. नळीला त्रास देणार तो उरलेला गाळच, मग मोजायचा तर तोच मोजायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकारांनी लिहावं.

शंकासुर
गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तोच प्रकार ना हा? मग ॲसिडने धुऊन टाका. एवढे फवारे कशाला?

जुना_बॉयलरवाला
शंकासुर, तोच प्रकार नाही. गिझरमध्ये नळाचं जड पाणी असतं, इथे क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी. वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर गळला तर बाहेरचे क्षार आत शिरतात, पण ती वेगळी भानगड. एरवी इथला गाळ म्हणजे लोखंड. मुख्यतः मॅग्नेटाइट, काळा, बारीक.

हे लोखंड येतं फीडवॉटरच्या, म्हणजे जनरेटरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याच्या, पोलादी पाइपांमधून. वेगाने वाहणारं गरम पाणी पाइपच्या आतल्या ऑक्साइडच्या थराला सतत विरघळवत राहतं आणि भिंत आतून पातळ होत जाते. ही झीज किती महागात पडते ते दोन ठिकाणी दिसलं. अमेरिकेतल्या सरी केंद्रात डिसेंबर १९८६ मध्ये असाच पातळ झालेला पाइप फुटला, ४ कामगार गेले. जपानच्या मिहामा ३ मध्ये ९ ऑगस्ट २००४ रोजी तेच झालं, ५ जण गेले. पाइपमधून जे लोखंड निघून जातं त्यातलं बरंचसं शेवटी स्टीम जनरेटरमध्ये येऊन बसतं, कारण पाणी वाफ होऊन निघून जातं आणि लोखंड मागे राहतं. त्यामुळे गाळ वाढला की माझी पहिली शंका पाइपांवर जाते.

आणि ॲसिड नको. आतली नळ्यांना आधार देणारी सपोर्ट प्लेट, बाहेरचं कवच, पुष्कळ काही साध्या पोलादाचं असतं. गाळाबरोबर तेही खाल्लं जाईल. रासायनिक सफाई करतात, पण ईडीटीएसारखी लोखंडाला धरून विरघळवणारी द्रव्यं, गंज रोखणारी रसायनं, तापमानावर कडक नजर, असा सगळा सरंजाम लागतो.

भिरभिरा
ब्लोडाउन असतं ना? तळातून थोडं पाणी सतत काढत राहायचं. मग गाळ साचतोच कसा?

जुना_बॉयलरवाला
असतं की. पण ते वाफेच्या प्रवाहाच्या एखाद्या टक्क्याच्या घरात. विरघळलेल्या अशुद्धी त्याने आटोक्यात राहतात. लोखंडाचे कण मात्र नळ्यांना चिकटतात, नाहीतर जिथे पाण्याचा वेग कमी तिथे बसतात. ब्लोडाउनच्या तोंडापर्यंत पोचणारा हिस्सा लहान.

निळावंती
किती लोखंड येतं याचा हिशेब कागदावर करता येतो. हजार मेगावॅटच्या केंद्रात फीडवॉटर ताशी सुमारे ६,५०० टन. त्यात लोखंड ५ पीपीबी, म्हणजे टनामागे ५ मिलिग्रॅम, असेल तर ताशी ३२.५ ग्रॅम. वर्षभर केंद्र चाललं तर जवळजवळ २८५ किलो लोखंड. मॅग्नेटाइटमध्ये ऑक्सिजनही धरावा लागतो, म्हणून १.३८ ने गुणा: ३९० किलोच्या वर. हे तीनचार जनरेटरमध्ये वाटलं जाणार.

पाणी ‘अतिशुद्ध’ असूनही एवढं! लोखंड १ पीपीबीवर आणलं तर हाच आकडा ८० किलोच्या आत येतो. त्यामुळे फवारा कितीही भारी असो, खरा फरक फीडवॉटरच्या रसायनशास्त्रात आहे असं मला वाटतं.

तांबूसपान
निळावंती, शंभर टक्के सहमत. माझं सगळं काम या पाण्यातच. अमोनिया, इथेनॉलअमाइन किंवा मॉर्फोलिन घालून पीएच वर ठेवला की पाइपची झीज कमी होते. पण कंडेन्सर किंवा हीटरमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या असतील तर अमोनिया मनासारखा वाढवता येत नाही, तो तांबं विरघळवतो. मग तेही जनरेटरमध्ये येतं. पुष्कळ केंद्रांनी दुय्यम, म्हणजे वाफेकडच्या पाण्याच्या, मंडलातून तांबं हद्दपार केलं त्यामागे हे मोठं कारण.

अवांतर: १९७० च्या दशकात पाण्यात फॉस्फेट घालायची पद्धत होती. गाळाखाली फॉस्फेट एकवटून नळ्यांची भिंत बारीक व्हायला लागली म्हणून ती सोडली. पण पुढे साध्या पोलादाच्या सपोर्ट प्लेटमध्ये, नळीभोवतीच्या चिंचोळ्या फटीत गंज फुगला आणि त्याने नळीच आवळली. सरीच्या दुसऱ्या भट्टीत १९७६ मध्ये नळी फुटली ती या आवळण्यातूनच. प्लेट विकृत झाल्या आणि वरच्या यू-बाकावर ताण येऊन तडा गेला.

कसोशी
अणुरेणू यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. एडी करंटचा, म्हणजे आवर्त प्रवाहांनी केलेल्या नळ्यांच्या तपासणीचा, डेटा वाचणं हा माझा रोजचा व्यवसाय, म्हणून जरा सविस्तर.

आम्ही गाळाकडे नळीच्या आतून बघतो. प्राथमिक, म्हणजे भट्टीच्या पाण्याची, बाजू रिकामी करून नळीत बॉबिन प्रोब, म्हणजे तारेची कॉइल असलेला शोधक, सारतात आणि ठरावीक वेगाने मागे ओढतात. प्रोबच्या कॉइलमुळे नळीच्या धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात. तडा, झीज, खळगा असेल तिथे ते प्रवाह वाकडे वळतात आणि कॉइलला ते जाणवतं. त्यासाठी शेकडो किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी वापरतो, म्हणजे लक्ष भिंतीवर राहतं. त्याच ओढीत एक चॅनल वीसतीस किलोहर्ट्झच्या आसपास ठेवलेला असतो. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला क्षेत्र भिंत ओलांडून बाहेर पोचतं, आणि बाहेर मॅग्नेटाइट असेल तर ते चुंबकीय असल्यामुळे संकेत बदलतो.

पडद्यावर ते असं दिसतं. प्रोब ट्यूबशीटच्या वरच्या कडेतून बाहेर पडतो तेव्हा रेघ एकदम मोठा झोका घेते. बाहेर नुसतं पाणी असेल तर ती लगेच आपल्या जागी परत येते. गाळ असेल तर येत नाही. झोका ओसरल्यावरही थोडी उचललेली राहते, काही अंतर तशीच जाते आणि मग खाली उतरते. ती उतरते तिथे गाळाचा माथा. ट्यूबशीटची कड आणि पहिली सपोर्ट प्लेट यांतलं अंतर नकाशावरून माहीत असतं, त्या मापाने माथ्याची उंची काढायची. असं प्रत्येक नळीचं केलं की गाळाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा तयार होतो. बहुतेकदा गरम पायाच्या (भट्टीचं तापलेलं पाणी नळ्यांत शिरतं त्या) बाजूला, मध्यभागाजवळ, जिथे पाणी सुस्तावतं तिथे ढिगारा सर्वात उंच.

आता मर्यादा. गाळ मऊ आहे की दगडासारखा, हे या रेघेवरून खात्रीने सांगता येत नाही. पातळ थर निसटतो. तांबं मिसळलेलं असेल तर संकेताची दिशाच बदलते आणि गाळ हा दोषासारखा दिसू लागतो. उलटंही होतं: गाळाचा संकेत खऱ्या तड्याला झाकतो. म्हणून ट्यूबशीटच्या माथ्यावर आम्ही फिरता प्रोब वेगळा चालवतो. सफाई चांगली झाली की माझं वाचन चांगलं होतं, म्हणून या विषयात मला मनापासून रस आहे.

शंकासुर
कसोशीताई, उत्तम प्रतिसाद. मॅग्नेटाइट चुंबकीय आहे म्हणता, तर एक मोठा लोहचुंबक आत सोडा की! :)

तांबूसपान
जनरेटरमध्ये नाही चालणार, कवचच चुंबकाला धरून बसेल. पण फीडवॉटरच्या वाटेवर विद्युतचुंबकीय गाळण्या काही केंद्रांनी खरोखरच वापरल्या आहेत. लोखंड जनरेटरपर्यंत पोचायच्या आधीच अडवायचं.

नळीवाला
फवाऱ्याच्या बाजूने मी लिहितो, लान्सिंगच्या टोळीत काम करतो.

दुय्यम बाजूचं पाणी काढलं की कवचाच्या तळाशी असलेली हँडहोल उघडतात. दीडशे मिलिमीटरच्या आसपासचं भोक, त्यातून सगळं सामान आत न्यायचं. नळ्या उलट्या यू आकाराच्या असल्याने गरम आणि थंड पायांच्या मध्ये एक गल्ली मोकळी राहते. त्या गल्लीत रूळ बसवायचा आणि त्यावरून लान्स पुढे सरकवायचा. लान्सच्या टोकाला आडवे नोझल. दोन नळ्यांमधली फट सात ते दहा मिलिमीटर. नोझल त्या फटीसमोर नेमका आणायचा, फवारा सोडायचा, खालीवर झुलवायचा, मग एक घर पुढे. चौरस मांडणी असेल तर काटकोनात फवारा पुरतो. त्रिकोणी मांडणीत रांगा तिरप्याही जातात, म्हणून ३० आणि १५० अंशांचे नोझलही लागतात.

दाब दोनशे बारच्या आसपास, यंत्रणेप्रमाणे कमीजास्त. लोक नेहमी दाब विचारतात. मी सांगतो, आधी रांग जुळली का ते विचारा. फवारा जरासा तिरका लागला तर पहिल्या नळीवर आपटून फुटतो, पाणी उलटं गल्लीत येतं आणि आतल्या नळ्यांपर्यंत काहीच पोचत नाही. कॅमेऱ्यात ते लगेच कळतं: फटीत पाण्याची सरळ पट्टी दिसण्याऐवजी नुसतं धुकं दिसतं. अशा वेळी दाब वाढवणं म्हणजे नळीवर अत्याचार.

दुसरी गोष्ट उपशाची. फवाऱ्याने सुटलेला गाळ कवचाच्या कडेला ढकलला जातो. तिथे कडेने पाण्याचा वेगळा प्रवाह फिरवून तो उपसा-नळीपर्यंत न्यावा लागतो. उपसा कमी पडला तर गाळ कडेला पुन्हा बसतो, आणि आपण एका जागेचा गाळ दुसऱ्या जागी हलवलेला असतो. उपसलेलं पाणी गाळण्यांच्या पिशव्यांतून जातं आणि तेच परत लान्सला. पिशव्यांचं वजन आणि किरणोत्सार मोजून त्या कचऱ्यात जातात. ‘अमुक किलो’ हा आकडा येतो तो या पिशव्यांमधून.

भिरभिरा
मग नळ्यांच्या दाटीच्या मध्ये, गल्लीपासून लांब, फवाऱ्याचा जोर टिकतो का?

नळीवाला
उतरतो. म्हणून आतपर्यंत जाणाऱ्या लवचिक पट्ट्या आल्या. पट्टीच्या आत पाण्याच्या वाहिन्या आणि टोकाशी बघायची सोय, ती फटीतून थेट रांगेत घालायची. अमेरिकेतल्या इंडियन पॉइंट २ या भट्टीसाठी कन्सॉलिडेटेड एडिसन कंपनीने सेसिल नावाचा असा रोबो १९८० च्या दशकात करवून घेतला होता. बघणं आणि धुणं एकाच हाताने. मला ती कल्पना अजून आवडते, कारण ज्याने धुतलं त्यालाच लगेच दिसतं की काय राहिलं.

तांबूसपान
नळीवाले, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण लान्सिंग हे तळाचं औषध. एकूण साठ्यातला बराच भाग वर, नळ्यांच्या अंगावर आणि सपोर्ट प्लेटच्या भोकांत असतो. तिथे तुमचा फवारा पोचत नाही.

फ्रान्समधलं क्रुआस आठवा. २००४ ते २००६ या काळात तिथे नळ्या गळल्या. सपोर्ट प्लेटमध्ये नळीभोवती पाण्यासाठी पाकळ्यांसारख्या वाटा ठेवलेल्या असतात, त्या गाळाने बुजल्या होत्या. पाणी उरलेल्या मोकळ्या जागेतून जास्त वेगाने जाऊ लागलं, मधल्या नळ्या थरथरल्या आणि थकव्याने तडा गेला. ट्यूबशीट कितीही चकचकीत असती तरी हे टळलं नसतं. त्यानंतर फ्रान्सच्या वीज कंपनीने, ईडीएफने, अनेक भट्ट्यांमध्ये रासायनिक सफाई केली.

नळीवाला
वर पोचत नाही हे पूर्ण खरं नाही. वरच्या प्लेटपर्यंत चढणारी हायड्रॉलिक सफाईची यंत्रं आहेत, दाबाच्या धक्क्यांनी पाणी हलवून गाळ खाली पाडायची पद्धत आहे, अल्ट्रासाउंडही वापरतात. अर्थात पाडलेला गाळ शेवटी तळाशीच येतो आणि तिथून लान्सिंगनेच काढावा लागतो. बुजलेल्या पाकळ्यांच्या बाबतीत मात्र मान्य, तिथे रसायनच प्रभावी.

पण रसायनाचा वापर दर शटडाउनला करता येत नाही. खर्च, किरणोत्सारी द्रव कचरा, पोलादाची थोडीबहुत झीज, हे सगळं आहेच. लान्सिंग नेमाने करता येतं.

भटकभवानी
सफाईची जोखीम म्हणून पाक्शचं नाव घ्यायला हवं. हंगेरीतल्या या केंद्रात स्टीम जनरेटरची किरणोत्सार उतरवण्याची रासायनिक सफाई केल्यानंतर मॅग्नेटाइट इंधनावर जाऊन बसलं. ते काढायला इंधनाचे जुडगे एका टाकीत घालून धुवायला घेतले. १० एप्रिल २००३ रोजी त्या टाकीतलं थंड करणारं पाणी अपुरं पडलं आणि ३० जुडग्यांचं नुकसान झालं. आंतरराष्ट्रीय मापनात ती पातळी ३ ची घटना ठरली. एका जागेची सफाई दुसऱ्या जागेची डोकेदुखी होऊ शकते, हे नियोजन करणाऱ्याने आधी धरायला हवं.

कसोशी
आणि जिना. न्यूयॉर्क राज्यातलं केंद्र, २५ जानेवारी १९८२. आधीच्या एका दुरुस्तीत दुय्यम बाजूला तळहाताएवढा पोलादी तुकडा राहून गेला होता. पाण्याच्या प्रवाहाने तो कडेच्या नळ्यांवर आपटत राहिला. आधी बूच मारून बंद केलेल्या नळ्या तुटल्या, त्या शेजारच्या नळ्यांवर घासल्या आणि शेवटी एक चालू नळी फुटली.

म्हणून गाळ काढल्यावर कॅमेरा फिरवताना फक्त गाळ बघायचा नसतो. गास्केटची धातूची पट्टी, वेल्डिंगच्या काडीचा तुकडा, ब्रशची तार, असलं काहीही गाळात दडलेलं असतं आणि गाळ निघाल्यावर उघडं पडतं. ते उचलून काढलं पाहिजे.

नळीवाला
+१. आमच्याकडे आत जाणारं प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं असतं आणि आत जाताना-बाहेर येताना वहीत नोंद होते. एक नोझल जरी हिशेबात कमी आला तरी हँडहोल बंद होत नाही.

निळावंती
एक प्रश्न. केंद्र चालू असताना गाळ वाढतोय हे कळतं का? की शटडाउनपर्यंत अंधारात?

जुना_बॉयलरवाला
खुणा मिळतात. नळ्यांवर थर चढला की तेवढीच उष्णता पलीकडे न्यायला वाफेचा दाब हळूहळू उतरतो. सपोर्ट प्लेटच्या वाटा बुजायला लागल्या की पाण्याच्या पातळीच्या मापकांत फरक पडतो, पातळी हेलकावेही घेऊ लागते. फक्त दाबावर विसंबू नका. पातळ, सच्छिद्र थर असेल तर बुडबुडे फुटायला जागा मिळून उष्णता उलट बरी वाहते. त्यामुळे सफाईनंतर दाब वाढेलच असं नाही, आणि नाही वाढला म्हणजे सफाई फसली असंही नाही.

अणुरेणू
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठेच एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. उरलेला गाळ कोण मोजतं?

कसोशी
राहिलंच होतं. तीन गोष्टी जुळवून बघतात, आणि माझ्या मते तिन्ही लागतात.

एक, निळावंतींनी केला तसा लोखंडाचा ताळेबंद: फीडवॉटरमधून किती आलं, ब्लोडाउनमधून किती गेलं, पिशव्यांत किती मिळालं. फरक म्हणजे आत राहिलेलं, पण कुठे ते यातून कळत नाही. दोन, गाळाचा नकाशा, मागच्या शटडाउनचा आणि या वेळचा शेजारी ठेवून. तीन, लान्सिंगनंतरचा कॅमेरा, आणि तोही गल्लीतून नव्हे, फटीत आत घालून. गल्लीतून पाहिलं तर पुढच्या नळ्या स्वच्छ दिसतात आणि आतल्या त्यांच्या आड जातात.

नकाशात एकाच जागी गाळ दोनतीन शटडाउन टिकून असेल, दर वेळी भरपूर गाळ निघूनही, तर तो कडक झालेला आहे असं मी धरते. सिलिका, ॲल्युमिनियम यांनी मॅग्नेटाइट बांधलं जातं आणि नळीच्या मुळाशी घट्ट कडं बनतं. त्या नळ्या मी फिरत्या प्रोबच्या यादीत आधी घालते, कारण त्या कड्याखाली गंजाची आणि नळी दाबली जाण्याची शक्यता सर्वात जास्त. या कड्यांचं वजन पिशव्यांच्या वजनापुढे नगण्य असतं. म्हणून अणुरेणू, तुमचं मत मला पटतं: किलोचा आकडा मोठा असूनही नेमकं धोक्याचं ते जागेवर राहू शकतं.

नळीवाला
यावर माझी एक मागणी. एडी करंटचा नकाशा आम्हाला लान्सिंगच्या आधी हातात द्या. मागच्या शटडाउनचा असला तरी चालेल. पुष्कळदा आम्ही सगळ्या रांगांना सारखाच वेळ देतो, कारण ढिगारा कुठे आहे ते आमच्यापर्यंत आलेलंच नसतं. नकाशा असेल तर कडेच्या रांगा चटकन उरकून मधल्या रांगांवर दोन फेऱ्या जास्त मारता येतात.

कसोशी
आधी लान्सिंग की आधी एडी करंट, यावर दर शटडाउनला वाद होतो, कारण वेळापत्रकात दोन्ही एकाच आठवड्यात कोंबलेलं असतं. तुम्ही दुय्यम बाजूला, आम्ही प्राथमिक बाजूला, म्हणून कागदावर सोयीचं दिसतं. मला स्वच्छ नळी वाचायला आवडेल, म्हणजे लान्सिंग आधी. पण मग गाळाचा सफाईआधीचा नकाशा मिळत नाही. मागच्या खेपेचा नकाशा तुम्हाला, या खेपेचा सफाईनंतरचा आम्हाला, आणि तोच पुढच्या वेळी पुन्हा तुम्हाला, अशी साखळी ठेवली तर दोघांचं काम होतं. नळ्यांच्या रांग आणि स्तंभाचे क्रमांक तेवढे दोघांनी एकाच बाजूने मोजा.

नळीवाला
क्रमांकांचं अगदी खरं. आम्ही हँडहोलपासून मोजतो, तुम्ही भट्टीचं पाणी आत येतं त्या नोझलच्या बाजूने. पुढच्या नकाशावर हँडहोलची खूण तेवढी काढून पाठवा.

शंकासुर
अणुरेणू, बूच मारून बंद केलेल्या नळ्यांवर वेगळा धागा काढा. किती नळ्या बंद झाल्या की जनरेटर बदलावा लागतो ते वाचायचंय.